हिस्पॅनिक पुरुष, प्रोस्टेटचा कॅन्सर आणि उपचारांनंतरचे घर

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. दक्षिण टेक्सासमधील एका रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. आमच्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण मेक्सिकन वंशाचे असतात. त्यांपैकी प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कॅन्सरचे उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या पुरुषांविषयी लिहावे, असे फार दिवसांपासून मनात होते. या मंचावर अमेरिकेतील आरोग्यसेवेत काम करणारे अनेक सभासद आहेत आणि काहींची सोयरीकही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांत मूळ असलेल्या, घरांशी जुळलेली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक लोक राहतात. या समाजातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर प्रोस्टेटचाच आहे. गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत एकूण प्रमाण कमी असले, तरी निदान होईपर्यंत आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. आजार ग्रंथीपुरता किंवा तिच्या आसपास असतानाच सापडला, तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. त्यामुळे पुढची पंधरा-वीस वर्षे कशी जाणार, हाच बहुतेकांपुढचा खरा प्रश्न असतो.

शस्त्रक्रियेनंतर काही काळ लघवीवर ताबा राहत नाही आणि लैंगिक क्षमता कमी होते किंवा जाते. किरणोपचारांनंतर आतड्यांच्या तक्रारी सुरू होऊ शकतात. हार्मोन उपचार घेणाऱ्यांना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो, स्तन सुजून वाढतात, हाडे ठिसूळ होतात आणि मन उगाच भरून येते. हे सारे मोजण्यासाठी ‘एपिक’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. दिवसाला किती पॅड लागतात, येथपासून सर्व काही तीत विचारलेले असते. ही प्रश्नावली उत्तम आहे आणि मी ती रोज वापरते. मात्र आमचे रुग्ण तिच्यातील रकाने भरून झाल्यावर कागद बाजूला ठेवतात आणि जे बोलू लागतात, ते त्या रकान्यांत कुठेच बसत नाही. नातीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात तिच्याबरोबर नाचता येईल का, शिडीवर चढून मुलाच्या घराचे छप्पर दुरुस्त करता येईल का, मेक्सिकोतील म्हाताऱ्या आईला दरमहा पाठवायचे पैसे चुकणार तर नाहीत ना, असे ते विचारतात.

या समाजातील कुटुंबनिष्ठेला संशोधक ‘फॅमिलिस्मो’ म्हणतात. १९८७ साली साबोगाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची मोजपट्टी तयार केली, तेव्हा तिचे तीन पदर वेगळे काढले होते. घरच्यांसाठी झिजण्याची जबाबदारी हा पहिला, अडीअडचणीला घरचे धावून येतील हा भरवसा दुसरा, आणि कसे वागावे हे घरच्यांकडे पाहून ठरवणे हा तिसरा. अमेरिकेत राहून राहून पहिला आणि तिसरा पदर विरळ होत जातो, पण दुसरा, म्हणजे भरवसा, टिकून राहतो, असे त्यांना आढळले होते.

माझे म्हणणे असे आहे की प्रोस्टेटच्या रुग्णाच्या बाबतीत हे पदर एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. घरचे धावून येतात, हे तर डोळ्यांनी दिसते. प्रतीक्षालयात एका रुग्णामागे पाच-सहा माणसे बसलेली असतात आणि कुणीतरी घरून डब्यात तमालेस आणलेले असतात. पण ज्याने आयुष्यभर सर्वांना सांभाळले, त्याला स्वतःला सांभाळून घेणे जमत नाही. आपले दुखणे घरावर ओझे होऊ नये म्हणून तो ते लपवतो, आणि लपवणे हीसुद्धा त्याच्या दृष्टीने कुटुंबाचीच सेवा असते. ‘तुम्हाला घरच्यांचा आधार आहे का?’ असे विचारले की उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘घरी तुमच्याकडे कोणते काम असते आणि ते सध्या कोण करते?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. म्हणून या रुग्णांचे उपचारांनंतरचे नियोजन या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते.

मायामी विद्यापीठात फ्रँक पेनेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांसाठी ताणव्यवस्थापनाचे दहा आठवड्यांचे गट चालवले आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटात आलेल्यांचे एकूण स्वास्थ्य, भावनिक स्थिती आणि लैंगिक आरोग्य, हे तिन्ही सुधारले होते. हे पुरुष बोलतच नाहीत, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येकाने ते निष्कर्ष वाचावेत. आपापले अनुभव आणि मते जरूर मांडावीत.

ओंजळभर

रानजाई, धागा अतिशय महत्त्वाचा आहे. मी लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिशची वैद्यकीय दुभाषी म्हणून काम करते. तुम्ही लपवण्याविषयी जे लिहिले आहे, त्याला डॉक्टरच्या खोलीतील एक व्यवस्था कशी हातभार लावते, ते सांगते.

दुभाषी मागवायला वेळ लागतो, म्हणून बरोबर आलेल्या मुलीलाच मध्ये घालून संभाषण उरकले जाते. ती विशी-पंचविशीची असते, तिचे इंग्रजी सफाईदार असते आणि वडिलांसाठी ती काहीही करायला तयार असते. डॉक्टर विचारतात, ‘शस्त्रक्रियेनंतर ताठरता येते का?’ मुलगी क्षणभर थांबते, मान खाली घालते आणि वडिलांना विचारते, ‘बाबा, बाकी सगळे ठीक आहे ना?’ वडील म्हणतात, ‘सगळे ठीक आहे.’ डॉक्टर तशी नोंद करतात. तिघांपैकी कुणीही खोटे बोललेले नसते, तरी त्या नोंदीचा काडीचाही उपयोग नसतो. मी खोलीत गेल्यावर मुलीला विनंती करते की तिने थोडा वेळ बाहेर बसावे. नंतर तेच वडील मोकळेपणाने बोलतात आणि पुष्कळदा त्यांचा पहिला प्रश्न ‘मुलीला यातले काही सांगू नका ना?’ हा असतो.

सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना प्रशिक्षित दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो आणि रुग्णाने स्वतःचा माणूस आणावा अशी सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलांकडून तर तातडीचा प्रसंग वगळता हे काम करून घेताच येत नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या १५५७ क्रमांकाच्या कलमात हा हक्क आहे. मात्र तो मागायचा असतो, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते, आणि मुलगी असताना परक्या माणसाला बोलावणे त्यांना मुलीचा अपमान वाटतो. दुभाषी आल्याने मुलीची जागा जात नाही, तिच्यावरचे एक अवघड काम तेवढे उतरते, असे मी घरच्यांना सांगते, आणि ते त्यांना पटते.

सह्यकडा

मी फ्लोरिडात किरणोपचार विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे क्यूबन आणि पोर्तो रिकन रुग्ण अधिक येतात. अमेरिकेतील सर्व हिस्पॅनिकांचा एकच गठ्ठा करून आकडे पाहिले की पोर्तो रिकोतील परिस्थिती त्यात झाकली जाते. त्या बेटावर पुरुषांच्या कॅन्सरमृत्यूंमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ तेथे आदळले आणि वीज गेल्यामुळे किरणोपचार खोळंबले, तेव्हा काही रुग्ण फ्लोरिडातील नातेवाइकांकडे येऊन उपचार पूर्ण करून गेले. कुटुंब पसरलेले असण्याचा असाही उपयोग होतो.

रोजच्या कामात मला जे दिसते ते असे. किरणोपचार पूर्वी आठ-नऊ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालत असत. आता अनेकांचे चार ते साडेपाच आठवड्यांत होतात आणि काही निवडक रुग्णांचे तर केवळ पाच बैठकांत. प्रत्येक वेळी मूत्राशय भरलेले आणि गुदाशय रिकामे असावे लागते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी ठरावीक पाणी प्यावे लागते. मुलगा गाडी चालवत असतो, शेजारी वडील बाटली घेऊन बसलेले असतात आणि हायवेवर गाड्या तुंबल्या की दोघांचाही जीव टांगणीला लागतो. मूत्राशय फार भरले तर वडिलांना दम धरवत नाही आणि कमी भरले तर आम्ही पुन्हा पाणी पाजून थांबवतो. मुलाचा तासाचा पगार त्यात बुडतो. मुलाची मजुरी वाचावी म्हणून ‘उद्यापासून मी बसने येतो’ असे सांगणारे आणि नंतर उपचारच चुकवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून उपचारांचा कालावधी ठरवताना घरात गाडी कोण चालवते आणि त्याची नोकरी कोणती आहे, हे डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे. कमी बैठकांचा पर्याय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असेल, तर अशा घराला तो किती मोलाचा वाटतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

निशिगंधा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तरीही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. आपण संस्कृतीवर फार भर देत आहोत आणि पैशांकडे कमी पाहत आहोत. टेक्सासने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा विस्तार केलेला नाही आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक त्याच राज्यात आहे. ज्याच्याजवळ कागदपत्रे नाहीत, त्याने आयुष्यभर कर भरला असला तरी पासष्टीनंतर मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे दार त्याला उघडत नाही. असा माणूस उशिरा तपासणीला येतो, तेव्हा ‘त्यांचा स्वभावच दैववादी असतो’ असे लिहून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. कॅलिफोर्नियात २००१ पासून यूसीएलए या विद्यापीठाच्या देखरेखीखाली ‘इम्पॅक्ट’ नावाचा कार्यक्रम चालवला गेला. विमा नसलेल्या गरीब पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरवर मोफत उपचार आणि सोबत मार्गदर्शन करणारी परिचारिका मिळत असे. त्याचा लाभ घेणाऱ्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, पुरुषांची संख्या मोठी होती. दार उघडले की हेच लोक आत येतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

दुसरे असे की कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात बायको. पथ्याचे जेवण, पॅडची खरेदी, रात्री बदललेल्या चादरी, डॉक्टरांच्या तारखा आणि नवऱ्याचा चिडचिडेपणा, हे सारे एकटी तीच पाहते. प्रोस्टेटच्या रुग्णांइतकाच, आणि काही वेळा अधिक, मानसिक ताण त्यांच्या पत्नींना होतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आलेले आहे. मिशिगन विद्यापीठाच्या लॉरेल नॉर्थहाउस यांनी पती-पत्नी दोघांनाही एकत्र मार्गदर्शन देऊन २००७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत पत्नींना झालेला लाभ अधिक ठळक होता. फॅमिलिस्मोची मोजपट्टी लावताना तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हेही पाहायला हवे.

रानजाई

निशिगंधा, तुमचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. विम्याच्या अभावाला दैववाद म्हणणे हा आमच्या क्षेत्रातला जुना रोग आहे. पण विमा असलेल्या, उपचार नीट पार पडलेल्या घरांतही मी लिहिलेली ओढाताण दिसते, म्हणून तिचा स्वतंत्र विचार करायला हवा असे वाटते.

पत्नींविषयी एक निरीक्षण नोंदवते. आमच्या रुग्णांच्या गटात हार्मोनचे इंजेक्शन घेणारे एक आजोबा होते. रात्री दरदरून घाम फुटतो, हे त्यांनी कितीतरी महिने कुणाला सांगितले नव्हते. शेवटी ते पत्नीच्या लक्षात आले. पाळी जाण्याच्या वयात तिने स्वतः हेच सोसले होते. तिने पलंगाशेजारी पंखा ठेवला, सुती अंथरूण घातले, रात्रीचे तिखट बंद केले आणि ‘हे जाते, पण सावकाश जाते’ एवढेच सांगितले. आजोबांनी ही हकीकत गटात सांगितली, तेव्हा बाकीच्या पुरुषांनी वह्या काढून लिहून घेतले.

पुरुषी अभिमानाविषयीही सरसकट बोलू नये. २००८ मध्ये आर्सिनिएगा आणि सहकाऱ्यांनी ‘माचिस्मो’तील वर्चस्वाची बाजू आणि ‘काबायेरिस्मो’, म्हणजे घरच्यांचा मान राखणारा, त्यांची काळजी वाहणारा पुरुषार्थ, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजून दाखवल्या. आमच्या रुग्णांमध्ये दुसरी बाजू भरपूर असते, आणि तिला हाक दिली की ते उपचारांना साथ देतात.

अंगणातली तुळस

मी या विषयातील तज्ज्ञ नाही. मूळची साताऱ्याची असून लग्नानंतर सॅन अँटोनियोत एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात राहते. सासऱ्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली, पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा माग घेण्यासाठी रक्तात मोजला जाणारा घटक) नगण्य आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत.

आमच्याकडे रविवारी सर्वजण जमतात. अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजण्याचे काम सासऱ्यांचे असते. भावंडे, चुलत भावंडे, मुलांचे धर्मपिते (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे), शेजारी, अशी वीस-पंचवीस माणसे असतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी ते काम माझ्या नवऱ्याकडे दिले आणि पाठदुखीचे कारण सांगून ते आतल्या खोलीत बसू लागले. सासूबाईंनी मला नंतर सांगितले की वाकून कोळसे सारताना लघवी सुटते आणि भावांसमोर पँट ओली होईल, अशी त्यांना भीती वाटते. घरातील प्रत्येक जण आळीपाळीने खोलीत जाऊन त्यांची विचारपूस करतो, त्यामुळे ते आणखीच गप्प होतात.

त्यांचे एक कोम्पाद्रे आहेत, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धर्मपिता. त्यांनाही काही वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता, पण दोघांनी आजवर त्याविषयी एक शब्दही काढलेला नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दोघांना बोलते कसे करावे? आणि सून म्हणून मी यात पडावे का? आमच्या साताऱ्याच्या घरात मी सासऱ्यांशी असल्या विषयावर बोलले नसते, आणि इथेही मला ते तितकेच अवघड वाटते.

पैलतीर

तुळसताई, मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे आणि माझे निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलणारे आहेत. तुमच्या सासऱ्यांना तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी ठाम काही सांगणे योग्य नाही, परंतु सर्वसाधारणपणे काही गोष्टी सांगतो.

वाकताना, उचलताना किंवा खोकताना लघवी सुटणे शस्त्रक्रियेनंतर नेहमीचे आहे आणि बहुतेकांमध्ये ते काही महिन्यांत, पुष्कळदा वर्षभरात, बरेच कमी होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम योग्य पद्धतीने शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. सासऱ्यांना अजून त्यांच्याकडे पाठवले नसेल, तर डॉक्टरांकडे तशी मागणी करावी. वाकण्याआधी ते स्नायू आवळून धरण्याची युक्ती शिकली की माणसाला धीर येतो. पुरुषांसाठीचे पातळ पॅड मिळतात, ते गडद पँटखाली अजिबात दिसत नाहीत. वर्षभरानंतरही त्रास फार राहिला, तर त्यावर शस्त्रक्रियेचे उपाय आहेत आणि ते परिणामकारक आहेत. बऱ्याच रुग्णांना हे ठाऊकच नसते.

आता बोलते करण्याविषयी. मी रुग्णाला कधीही ‘मन मोकळे करा’ असे सांगत नाही. मी त्यांना विचारतो, ‘तुम्हाला मुलगे किती? भाऊ किती?’ ज्याच्या वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आहे, त्याचा स्वतःचा धोका दुपटीहून अधिक असतो. वडिलांना किंवा एका भावाला पासष्टीच्या आत निदान झाले असेल, तर मुलाने पंचेचाळिसाव्या वर्षी पीएसए तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि असे एकाहून अधिक जण घरात असतील तर चाळिसाव्या वर्षी, अशी अमेरिकन कॅन्सर सोसायटीची शिफारस आहे. हे ऐकल्यावर बाप गप्प राहत नाही. स्वतःसाठी बोलायला तो तयार नसतो, पण मुलांसाठी तो त्याच रविवारी सर्वांना बसवून सांगतो. रानजाईंनी ज्या जबाबदारीच्या पदराविषयी लिहिले आहे, तोच येथे उपयोगी पडतो. एकदा मुलांशी बोलणे झाले की कोम्पाद्रेंशी बोलणे त्यामानाने सोपे जाते. त्यांच्या घरीही मुलगे असतील, तर दोघांनी मिळून सांगावे असे सासूबाईंमार्फत सुचवता येईल.

तुम्ही स्वतः लैंगिक आरोग्याच्या विषयात पडू नये, ते सासरे, सासूबाई आणि डॉक्टर यांच्यात राहू द्यावे. पुढच्या भेटीची वेळ घेताना फोनवरच दुभाषी हवा असल्याचे सांगून ठेवावे. हे काम तुम्ही आनंदाने करू शकता.

निशिगंधा

तुळसताई, एक व्यावहारिक माहिती. आजारी नातेवाइकाच्या सेवेसाठी १९९३ च्या कायद्याने वर्षाला बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि ती सुटी सुटी, अगदी काही तासांचीही घेता येते. मात्र त्यात सासू-सासरे धरलेले नाहीत. वडिलांना फिजिओथेरपीला न्यायचे असेल, तर रजेचा अर्ज तुमच्या नवऱ्याला करावा लागेल. कंपनीत पन्नासहून कमी माणसे असतील तर हा कायदा सहसा लागू होत नाही, म्हणून आधी कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

अंगणातली तुळस

पैलतीर, निशिगंधा, रानजाई, सर्वांचे मनापासून आभार. नवऱ्याला चाळिसावे लागले आहे आणि सासऱ्यांचे निदान त्रेसष्टाव्या वर्षी झाले होते. त्यांच्या धाकट्या भावावरही उपचार झाले आहेत. चाळीस आणि पंचेचाळीस यांच्या हिशेबात काका धरायचे की केवळ वडील आणि भाऊ, एवढे कृपया सांगावे.

पैलतीर

त्या शिफारशीत वडील, भाऊ आणि मुलगा एवढेच सख्खे नाते धरले जाते. त्यामुळे तुमच्या नवऱ्यासाठी पंचेचाळीस हे वय लागू होते. तरीही काकांविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे. घरात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर कुणाला झाला आहे का, हेही आत्या आणि आजी यांच्याबाबत विचारून घ्यावे, कारण बीआरसीए-२ सारख्या जनुकातील दोष या तिन्ही कॅन्सरांना कारणीभूत ठरू शकतो. तसा इतिहास निघाला, तर जनुकीय समुपदेशकाची भेट घ्यावी आणि तपासणीचे वय त्यांच्या सल्ल्याने ठरवावे. ही माहिती सासऱ्यांकडूनच मिळू शकेल, तेव्हा नवऱ्याने वहीत वंशवेल काढून त्यांच्याजवळ बसावे.